जबड्याचं ऑपरेशन आणि तारा : निकाल टिकावा म्हणून सुरुवातीपासून काय पाहायचं

"फक्त तारांनी हे बसणार नाही, जबड्याचं ऑपरेशनही लागेल," असं ऐकून आलेल्या घरात पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : दुखेल किती आणि खर्च किती. हे दात पाच-दहा वर्षांनीही असेच राहतील का, हा प्रश्न बहुतेकांना ऑपरेशन झाल्यावर सुचतो. तोवर त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठरून गेलेलं असतं. जबडा कुठल्या दिशेला सरकवायचा, वाढ थांबल्याची खात्री केली का, जबड्याचे सांधे तपासले का, या सगळ्या आधीच्या गोष्टी आहेत. मी तारांच्या बाजूचा माणूस, ऑर्थोडॉन्टिस्ट. ऑपरेशन सर्जन करतात, पण त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष आणि नंतरची बरीच वर्षं रुग्ण आमच्याच खुर्चीत असतो. म्हणून पायऱ्या क्रमाने सांगतो, आणि काय टिकतं यावर जरा जास्त रेंगाळतो.

पहिली पायरी : दोष दातांचा की हाडाचा?

नेहमीच्या चाव्यात वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतात आणि त्यांना थोडंसं झाकतात. हे बिघडण्याच्या मुख्य तऱ्हा चार. खालचा जबडा मागे राहिला की वरचे दात पुढे आल्यासारखे दिसतात. खालचा जबडा पुढे गेला, किंवा वरचा मागे राहिला, की खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. हा उलटा चावा. उघड्या चाव्यात दाढा टेकतात पण पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. अशा माणसाला वडापाव खाताना नीट बघा : पावाचा तुकडा तो पुढच्या दातांनी तोडत नाही, तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन बाजूच्या दातांनी ओढतो. चौथी तऱ्हा म्हणजे हनुवटी एका बाजूला गेलेली. एकाच माणसात यातल्या दोन-तीन तऱ्हाही असू शकतात.

दोष हाडात असला की दात आपल्या परीने तो झाकायला बघतात. खालचा जबडा पुढे असेल तर खालचे पुढचे दात जिभेकडे कलतात आणि वरचे ओठाकडे झुकतात. म्हणून नुसते दात पाहून दोष किती आहे ते कळत नाही. त्यासाठी चेहऱ्याचा बाजूने काढलेला ठरावीक एक्स-रे लागतो, सेफॅलोग्राम. त्यावर कवटीच्या तळापासून दोन्ही जबड्यांची जागा कोनांत आणि मिलिमीटरांत मोजतात.

फरक थोडा असेल, चेहऱ्याबद्दल रुग्णाची तक्रार नसेल आणि चावायला अडचण नसेल, तर दात हलवून हाडाचा दोष झाकून टाकणं हा पूर्ण प्रतिष्ठित उपचार आहे. त्याला कमी लेखून ऑपरेशनकडे ढकलणं मला पटत नाही. पण ठरवायचं ते आधीच, कारण दोन्ही वाटा उलट दिशेला जातात. उदाहरण घ्या. खालचा जबडा मागे असलेल्या रुग्णात दोष झाकायचा असेल तर बहुधा वरच्या दोन उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढून वरचे दात मागे घेतात. त्याच रुग्णाचं ऑपरेशन करायचं ठरलं तर पुष्कळदा खालच्या उपदाढा काढाव्या लागतात, म्हणजे पुढे झुकलेले खालचे दात सरळ होतात आणि जबडा पुढे आणायला जागा मिळते. वरच्या उपदाढा काढून वर्षभर तारा ओढल्यावर "आता ऑपरेशनच करूया" म्हटलं तर केलेलं काम उलटं फिरवावं लागतं. म्हणून एकही चांगला दात काढण्याआधी सर्जनचं मत घेतलंय का, हे विचारा.

दुसरी पायरी : वाढ थांबली आहे का?

मुलींची जबड्याची वाढ साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बरीचशी आटोपते. मुलांची अठरा ते विसापर्यंत चालते, कधी त्याहून पुढेही. उलट्या चाव्याच्या मुलांमध्ये खालचा जबडा सगळ्यात उशिरापर्यंत वाढत राहतो. सोळाव्या वर्षी मागे नेलेला जबडा एकोणिसाव्या वर्षी पुन्हा पुढे आला तर त्यात शस्त्रक्रियेचा दोष नाही, घाईचा आहे.

वयाचा दाखला इथे पुरत नाही. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने दोन सेफॅलोग्राम काढायचे, शक्यतो एकाच यंत्रावर, आणि त्यांची रेखाटनं कवटीच्या तळाच्या रेषांवर जुळवून एकावर एक ठेवायची. काळी रेघ आधीची, लाल नंतरची. कपाळ, नाकाचं मूळ, डोळ्यांच्या खोबण्या तंतोतंत बसतात आणि हनुवटीपाशी लाल रेघ काळीच्या पुढे दिसते : वाढ चालू आहे, थांबा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर पुढे जा. हनुवटी एका बाजूला सरकत चालली असेल तर जबड्याच्या एका सांध्याच्या टोकाची वाढ सुरू असू शकते. तिथे वेगळा हाडांचा स्कॅनही करतात.

इथे आपल्याकडची एक खास अडचण सांगायला हवी. "लग्न ठरायच्या आधी उरकून घेऊ" किंवा "बारावीच्या सुट्टीत बसवा" असं म्हणत बरीच घरं येतात. सुट्टीचं गणित समजू शकतो. लग्नाच्या तारखेवरून ऑपरेशनची तारीख मात्र ठरवू नका. दिसणारी बहुतेक सूज काही आठवड्यांत उतरते, पण चेहरा पूर्ण बसायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि ऑपरेशननंतरही तारा काही महिने दातांवरच असतात.

वाढीच्या वयातही ऑपरेशन करावं लागेल असे मोजके प्रसंग आहेत : झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, दुभंगलेल्या टाळूमुळे झालेला फार मोठा दोष. तिथे पुढे दुसऱ्यांदा ऑपरेशन लागू शकतं हे गृहीत धरूनच सुरुवात करतात.

तिसरी पायरी : दोन डॉक्टर, एक आराखडा

या उपचाराला दोन तज्ज्ञ लागतात, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबडा-चेहऱ्याचे सर्जन. दोघांनी तुम्हाला एकत्र पाहिलेलं असावं, निदान एकाच फाइलवर दोघांची नोंद असावी. सर्जनने तुम्हाला पहिल्यांदा ऑपरेशनच्या महिनाभर आधी पाहिलं असेल तर आराखडा एकट्यानेच केलेला आहे असं समजा.

सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात : मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी. खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, रांग मात्र लांब. तिथे आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. तारा प्रत्यक्षात पदव्युत्तर विद्यार्थी बघतात, आणि त्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तुमचा डॉक्टर मध्येच पास होऊन बाहेर पडू शकतो. त्यामुळे विभागातल्या कुठल्या प्राध्यापकांच्या नावावर केस आहे ते लिहून ठेवा आणि फाइल नवीन हातात जाताना स्वतः हजर राहा.

विम्याचं सांगायचं तर, बऱ्याच पॉलिसींमध्ये दातांचे आणि सौंदर्यासाठीचे उपचार वगळलेले असतात. हाडाचा दोष, चावण्यातली अडचण, श्वासाचा त्रास यांची नोंद असलेलं पत्र देऊन आधीच लेखी मंजुरी मागा. तोंडी "हो, होईल" याला काही किंमत नाही.

चौथी पायरी : आधीच्या तारा, आणि बिघडत जाणारा चेहरा

ऑपरेशनआधी साधारण वर्ष ते दीड वर्ष तारा लावतात. दातांनी दोष झाकण्यासाठी जे कललेपण घेतलेलं असतं ते काढून टाकणं, हे या तारांचं काम. दात आपापल्या जबड्यात सरळ उभे राहतात आणि त्यामुळे जबड्यांमधला खरा फरक उघडा पडतो. उलट्या चाव्याच्या रुग्णात खालचे दात आणखी पुढे येतात, हनुवटी आणखी ठळक दिसते. आरशात हे पाहून माणूस घाबरतो आणि नातेवाईक "तारा लावून वाटोळं झालं" म्हणतात. हे असंच व्हायला हवं असतं. दात जितके सरळ होतील तितकाच जबडा सर्जनला हलवता येतो. दात अर्धवट सरळ केले तर ऑपरेशनही अर्धवट होतं.

म्हणूनच हा टप्पा सुरू करताना मनाची तयारी पूर्ण हवी. इथून मध्येच माघार घेतली तर सुरुवातीपेक्षा वाईट चावा पदरात राहतो.

याच काळात खालच्या अक्कलदाढा बघून घ्या. खालचा जबडा जिथे चिरतात, नेमक्या तिथेच त्या अडकलेल्या असतात, म्हणून बरेच सर्जन त्या सहा महिने आधी काढायला सांगतात. तंबाखू, गुटखा, मिशरी, सिगारेट बंद. सुपारीने तोंड कमी उघडत असेल तर ते लपवू नका, भूलतज्ज्ञालाही त्याने अडचण होते. घोरणं, दिवसा पेंग येणं, हेही याच टप्प्यावर सांगायचं. कारण पुढे येईल.

आधी ऑपरेशन आणि मग तारा, अशीही एक पद्धत आहे. जपानमध्ये सेंदाईच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये अशी केस मांडली आणि पुढे ती बऱ्याच ठिकाणी रुजली. चेहरा बिघडण्याचा काळ टळतो आणि एकूण वेळही वाचू शकतो. मात्र दात एकमेकांवर नीट टेकलेले नसताना जबडा बसवायचा असल्याने नियोजन फार काटेकोर लागतं, आणि प्रत्येकाला ती लागू पडत नाही. फक्त "लवकर होतं" म्हणून ती निवडू नका.

पाचवी पायरी : ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय होतं

पूर्ण भूल, श्वासाची नळी नाकातून. छेद तोंडाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही; कधी स्क्रू बसवायला गालावर बारीक टोचा द्यावा लागतो इतकंच.

वरच्या जबड्यासाठी हिरडीच्या वरून आत जाऊन, नाकाच्या तळाच्या पातळीवर जबडा आडवा सुटा करतात. याला ल फोर्ट-१ म्हणतात. रने ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात ते दाखवलं, त्यातली ही एक रेष. खालच्या जबड्यासाठी ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत, पुढे सुधारत गेलेली, आजही मुख्य आहे. दाढांच्या मागे हाडाचे उभे दोन थर करतात, आतला आणि बाहेरचा. दात असलेला भाग पुढे-मागे सरकवला तरी दोन्ही थर एकमेकांवर घसरून एकमेकांना टेकलेलेच राहतात, त्यामुळे हाड चांगलं जुळतं. अडचण एकच, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस नेमकी या दोन थरांमधून जाते.

नवीन जागा ठरवायला दातांवर बसणारी प्लॅस्टिकची पातळ चकती वापरतात, स्प्लिंट. तिच्यावर दातांचे खळगे असतात. दात त्यात बसले म्हणजे जबडा ठरल्या जागी आला. पूर्वी ही प्लास्टरच्या साच्यांवर हाताने करायचे, आता बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनवर संगणकात ऑपरेशन आखून ती छापून घेतात. मग टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू. पट्ट्या येण्याआधी सहा-सहा आठवडे जबडे तारेने करकचून बांधून ठेवत. आता बहुधा रबरबँड पुरतात. पट्ट्या त्रास देत नसतील तर आयुष्यभर राहू शकतात.

सहावी पायरी : पहिले सहा आठवडे

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. आरसा टाळलेला बरा. उशी उंच, बर्फ पहिले दोन दिवस. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

खाणं पहिल्यांदा पातळ, मग सहा ते आठ आठवडे मऊ. आपलं स्वयंपाकघर यासाठी फार सोयीचं आहे : मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताक, पेज, वरण, पुढे गुरगुट्या भात, मऊ खिचडी, अंडं. फोडणीतली मोहरी, तीळ आणि खोबऱ्याचा चव टाक्यांत जाऊन बसतात, म्हणून सगळं गाळून घ्या. नुसती पेज पिऊन काही किलो वजन उतरतं आणि अशक्तपणा येतो, तेव्हा प्रत्येक वेळी दूध, डाळ किंवा अंडं यांपैकी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या.

खालचा ओठ बधिर असताना चहा आधी बोटाने तपासून प्यायचा. हनुवटीवर वरण ओघळलं तरी कळत नाही; जेवताना रुमाल हाताशी असू द्या आणि घरच्यांना खूण ठरवून द्या. रबरबँड कुठल्या हुकपासून कुठल्या हुकपर्यंत, याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि ती सांगितल्याप्रमाणेच लावा. "आज जरा दुखतंय" म्हणून दोन दिवस काढून ठेवलेली रबरबँड पहिल्या महिन्यात महागात पडू शकते. रक्त थांबत नसेल, श्वास जड वाटत असेल, ताप चढत असेल किंवा दात एकाएकी वेगळे टेकू लागले असतील, तर फोनवर विचारत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

त्यानंतर तारा पुन्हा सुरू. साधारण सहा महिने ते वर्षभर बारीकसारीक जुळवाजुळव, आणि मग तारा निघतात. या टप्प्यात फारसं नाट्य नसतं.

सातवी पायरी : पुढची वर्षं, काय टिकतं आणि काय हलतं

इथे सगळ्यात उपयोगी काम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला झालं. विल्यम प्रॉफिट, टिमोथी टर्वी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांचे एक्स-रे जमवून कुठली हालचाल किती टिकते याची उतरंडच मांडली. ती १९९६ मध्ये आली आणि २००७ मध्ये सुधारली गेली. दोन मिलिमीटरांपेक्षा कमी फरक पडला तर त्यांनी तो नगण्य धरला, चारच्या वर गेला तर मोठा. तुमच्या ऑपरेशनचं चित्र समोर ठेवून ही उतरंड वाचा.

सगळ्यात वर, सर्वांत टिकाऊ : वरचा जबडा वर उचलणं. हसताना हिरड्या फार दिसणाऱ्यांचं आणि उघड्या चाव्याच्या बऱ्याच जणांचं हेच ऑपरेशन असतं. त्याच्या बरोबरीला, चेहरा लांबट नसलेल्या माणसाचा खालचा जबडा पुढे आणणं. त्याखाली, वरचा जबडा पुढे आणणं : बेताच्या अंतरासाठी दहातल्या आठ जणांत फरक दोन मिलिमीटरच्या आत राहतो, उरलेल्यांत बहुधा दोन ते चार. त्याखाली दोन्ही जबड्यांची एकत्र ऑपरेशनं येतात. वरचा पुढे आणि खालचा मागे, किंवा वरचा वर आणि खालचा पुढे. ती टिकतात, पण पट्ट्या-स्क्रूंची घट्ट जोडणी असेल तरच.

तळाला तीन हालचाली आहेत : फक्त खालचा जबडा मागे नेणं, वरचा जबडा खाली आणणं आणि वरचा जबडा रुंद करणं. रुंद केलेला जबडा टाळूच्या ताणलेल्या मऊ पेशी परत आत ओढतात. खाली आणलेल्या जबड्यावर चावण्याचा जोर पडून तो वर सरकतो. आणि मागे नेलेल्या खालच्या जबड्याचा मागचा तुकडा ऑपरेशनच्या वेळी नकळत मागे ढकलला गेला, तर स्नायू कामाला लागताच तो मूळ जागी येतो आणि हनुवटीला सोबत घेऊन पुढे जातो.

म्हणून उलट्या चाव्याच्या रुग्णाने सर्जनला सरळ विचारावं : "फक्त खालचा मागे नेणार, की वरचाही पुढे आणणार?" दोष खरोखर फक्त खालच्या जबड्यात असेल तर एकच ऑपरेशन योग्य. पण पुष्कळांचा वरचा जबडाही मागे असतो, आणि तिथे दोन्हींत विभागून हालचाल केली तर टिकायला बरी आणि चेहऱ्यालाही बरी. श्वासाचा मुद्दाही इथेच येतो. खालचा जबडा मागे गेला की जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते. पुढे आला की रुंद होते. म्हणूनच झोपेत श्वास अडकणाऱ्या काही रुग्णांवर दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन उपचार म्हणून करतात. आधीच घोरणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसाचा जबडा बराच मागे न्यायचा असेल तर त्याआधी झोपेची तपासणी व्हायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेळेचा हिशेब. हाड सरकायचंच असेल तर त्यातलं बहुतेक पहिल्या वर्षातच सरकतं. पण वर्षानंतरचं चित्र अनेकांच्या अंदाजाच्या उलट आहे. उलट्या चाव्याचे रुग्ण पहिल्या वर्षानंतर बऱ्यापैकी स्थिर राहतात. खालचा जबडा पुढे आणलेल्या आणि लांबट चेहऱ्याच्या रुग्णांत मात्र एक ते पाच वर्षांच्या काळात काही जणांचा जबडा हळूहळू मागे येताना दिसतो. याचं कारण सांध्यात आहे. जबड्याच्या सांध्याचं टोक काही थोड्या रुग्णांत झिजून आखूड होतं. तरुण मुली, अरुंद मागे कललेलं सांध्याचं टोक, तीव्र उताराचा खालचा जबडा आणि मोठी पुढची हालचाल, असं सगळं एकत्र आलं की धोका वाढतो. अशा रुग्णाने ऑपरेशनआधी सांध्याची नीट प्रतिमा काढून घ्यावी, आणि पुढचे दात काही महिन्यांत पुन्हा उघडे पडू लागले तर "तारा सैल झाल्या" असं मानून गप्प बसू नये.

हाड थोडं हललं तरी चावा त्याच प्रमाणात बिघडतो असं मात्र नाही. दात जुळवून घेतात. एक्स-रेवर जबडा तीन मिलिमीटर हललेला आणि पुढच्या दातांतला फरक जेमतेम बदललेला, असं नेहमी दिसतं. डॉक्टर "थोडं रिलॅप्स (जबडा जुन्या जागेकडे सरकणं) आहे, पण चावा छान आहे" म्हणतात ते यामुळे.

सांध्याचा कट्‌कट्‌ आवाज आणि दुखणं थांबावं म्हणून कोणी हे ऑपरेशन करत असेल तर थांबा. काहींना बरं वाटतं, काहींना फरक पडत नाही आणि थोड्यांचं वाढतं. त्याची हमी कोणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बधिरपणा खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांना असतो. मुंग्या, टोचल्यासारखं, मग हळूहळू स्पर्श, असा तो महिनोन्‌महिने उतरतो. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात. काही जणांत ओठाचा किंवा हनुवटीचा एखादा भाग कायम थोडा वेगळा राहतो. वय वाढलेलं असेल, किंवा सोबत हनुवटीचंही ऑपरेशन असेल, तर ही शक्यता जास्त. ओठाची हालचाल मात्र जात नाही, कारण ती वेगळ्या नसेवर चालते. बासरी किंवा शहनाई वाजवणाऱ्याने हा मुद्दा सही करण्याआधी दोनदा बोलून घ्यावा. बाकीच्यांपैकी बहुतेक जण उरलेल्या बधिरपणासह आरामात जगतात आणि पुन्हा विचारलं तर ऑपरेशन करून घेतलं असतं असंच सांगतात.

चावण्याची ताकद आधी घटते. स्नायूंना नवीन जागा शिकायला महिने लागतात, आणि सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहते. समाधानाबद्दल अभ्यास बऱ्यापैकी एकमुखी आहेत : बहुसंख्य रुग्ण खूश असतात. ब्रिटनमध्ये तर याच रुग्णांसाठी बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली २००० च्या सुमारास तयार झाली, तीत दिसणं, चावणं, लोकांत वावरणं सगळं येतं. जे नाराज असतात त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार निकालापेक्षा "हे आधी सांगितलं नव्हतं" अशी असते. नाक किंचित रुंद होणं, सुरुवातीला "स" आणि "श" अडखळणं, स्वतःचा चेहरा अनोळखी वाटणं, हे सगळं त्यात मोडतं. लग्नाचा जोडीदार, नोकरी, आत्मविश्वास यांतलं काही जबड्यातून मिळेल अशी अपेक्षा असेल तर ती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोला. दोन भेटी मानसोपचारतज्ज्ञाकडे घालवण्यात कमीपणा नाही.

दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णांत जुने व्रण वरच्या जबड्याला मागे ओढतात, म्हणून तिथे मागे सरकण्याचं प्रमाण जास्त आणि बोलण्यात नाकातून हवा जाण्याचा प्रश्नही येऊ शकतो. वाचातज्ज्ञाची तपासणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करून घ्या.

आठवी पायरी : तारा निघाल्यावरची शिस्त

हाड पट्ट्यांनी धरलेलं असतं, दात कोणी धरलेले नसतात. ते रिटेनर धरतो. बहुधा खालच्या सहा पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार आणि वर रात्री लावायचा पारदर्शक साचा. किती दिवस? जोवर दात सरळ हवेत तोवर, निदान रात्री. चिकटवलेली तार एका दातावरून सुटली तरी बाकीच्यांवर घट्ट असते, म्हणून कळत नाही; महिन्यातून एकदा जीभ आणि नख फिरवून बघा. सुटली तर त्याच आठवड्यात जा. उघड्या चाव्याच्या रुग्णांनी जिभेची सवयही पाहून घ्यावी : गिळताना जीभ दातांमधून पुढे येत असेल तर व्यायाम लागतील.

तपासणीला पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं. तारा काढल्या त्या दिवशीचा सेफॅलोग्राम, वर्षभराने दुसरा आणि पुढे शंका आली तर तिसरा. पहिला नसेल तर पुढच्या कशाशी तुलना करणार? म्हणून घरी जाताना एक फाइल मागून घ्या : सगळे एक्स-रे आणि स्कॅन सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर, ऑपरेशनची टिपणं, कुठल्या जबड्याला किती मिलिमीटर कुठे हलवलं ते, आणि बसवलेल्या पट्ट्यांची नोंद. पुण्याहून बंगळूरला किंवा दुबईला नोकरी लागली की नवीन डॉक्टर पहिल्यांदा हीच फाइल मागतील.